गॅलरीमागचा कादंबरीकार

त्या आठवड्यात बीरान माष, म्हणजे बीरान मास्तर, यांच्या घरी इतकी मासळी येऊन पडली की दारातल्या मांजरीही तोंड फिरवायला लागल्या. सकाळी कुणी बांगडे देऊन जायचं, दुपारी कुणी केळ्यांचा घड ओसरीवर टेकवून जायचं, आणि जाताना प्रत्येक जण चपला शोधता शोधता माषच्या मुलीला, सफूराला, सहज विचारल्यासारखं विचारायचा, "मग काय? अडवतो का तो?"

"मला नाही माहीत," सफूरा म्हणायची. ते खरंच होतं, पण त्यावर विश्वास ठेवणारा माणूस मुळंकडव गावात उरला नव्हता.

'तो' म्हणजे मम्मू. बीरान माषच्या 'कोपऱ्यातलं निशाण' या कादंबरीतला गोलकीपर. कादंबरी कोळिकोडच्या साप्ताहिकात दर शनिवारी येत होती, आणि आता एकच प्रकरण उरलं होतं. मागच्या शनिवारी अंतिम सामना बरोबरीत सुटला होता, पेनल्ट्या सुरू झाल्या होत्या, शेवटची पेनल्टी मारायला समोरचा गडी चेंडू ठेवून चार पावलं मागे गेला होता, मम्मूने हातमोजे घट्ट ओढले होते, आणि तिथेच माषनी प्रकरण संपवलं होतं. आयम्मूक्काच्या चहाच्या टपरीवर हे मोठ्याने वाचणाऱ्याने पान उलटलं तर पुढे खोबरेल तेलाची जाहिरात. त्या दिवशी टपरीवर माषना पुष्कळ शिव्या पडल्या. प्रेमाच्याच, पण शिव्या त्या शिव्याच.

आणि लिहिणारा हात होता सफूराचा. दोन वर्षांपासून माषचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते ओसरीवर फेऱ्या मारत बोलायचे आणि सफूरा लिहून घ्यायची, मांडीवर वही, वहीच्या पलीकडे पाळण्याची दोरी, पाळण्यात तिची नऊ महिन्यांची मिन्नू. तेव्हा प्रकरणात काय आहे ते हिला ठाऊक नसेल तर कुणाला, असा गावाचा हिशेब होता.

नुसती उत्सुकता असती तर बांगडे तळून खाल्ले असते आणि विषय संपला असता. पण त्याच रविवारी गावात खरा अंतिम सामना होता. भाताची कापणी झाली की नदीकाठच्या शेतात सुपारीच्या खांबांवर फळ्या ठोकून गॅलरी उभी राहायची आणि महिनाभर सात-सात जणांचा फुटबॉल चालायचा. आपल्याच गावचा हा करंडक यंग स्टार मुळंकडवने आजवर एकदाही जिंकला नव्हता. यंदा गाठ पारक्कलच्या ब्रदर्सशी होती. आणि यंग स्टारचा गोलकीपर कुंजाप्पू, वय चाळिशीला टेकलेलं, गुडघा कुरकुरणारा, या हंगामानंतर हातमोजे खुंटीला टांगणार असं सांगून बसलेला, त्याने कमिटीला निरोप धाडला होता: आधी माषचं प्रकरण कळू दे. मम्मूने अडवली तर मी उभा राहीन. सोडली तर दुसरा बघा.

दुसरा म्हणजे सेक्रेटरी वेलायुधनचा भाचा. तो पोरगा चेंडू आला की डोळे मिटायचा. खुद्द वेलायुधनही त्याच्याविषयी याहून बरं काही सांगू शकत नव्हते.

कुंजाप्पूच्या डोक्यात हे खूळ उगीच शिरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माषनी 'राखीव गडी' या कादंबरीत एका गोलकीपरची करंगळी मोडली. महिनाभरात कुंजाप्पूची मोडली. तीच, डाव्या हाताची. त्यानंतरच्या कादंबरीत गोलकीपरचं बायकोशी वाजलं, तर कुंजाप्पूची बायको आठ दिवस माहेरी जाऊन बसली. तेव्हापासून त्याची खात्रीच पटली होती की माष लिहितात ते आधी शाईत उमटतं आणि मग आपल्या अंगावर. शाळेत माषच्या हाताखाली तो मल्याळममध्ये दोनदा नापास झाला होता. माषनी लिहिलेला एक आकडा आपलं काय करू शकतो याचा अनुभव त्याला लहानपणापासूनचा होता.

इतर कुणी असता तर सफूराने हसून सोडून दिलं असतं. पण कुंजाप्पू, ज्याला ती भावासारखं कुंजाप्पूक्का म्हणायची, तिला परका नव्हता. मिन्नूच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा नवास शारजात आणि उप्पा, तिचे वडील, घाबरून अंगणात उभे. कुंजाप्पूक्काने आपली रिक्षा काढली आणि खड्डा आला की स्वतःच "अल्ला" म्हणत, रिक्षा जवळपास उचलल्यासारखी, तिला दवाखान्यात पोचवलं. त्यानंतर मिन्नूच्या प्रत्येक लशीला तोच नेणार, तोच आणणार. लस टोचून झाली की रडणारं पोर तो आपल्या रुंद पंजांत घ्यायचा, आणि सफूराला, जिला स्वतःच्या सासूच्या हातातही पोर देताना धडधडायचं, तिला त्या पंजांची मात्र कधी भीती वाटली नाही. त्या हातांतून काही निसटत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

म्हणून ती उप्पांच्या मागे लागली. रविवारच्या आत प्रकरण सांगून टाका. दोन पानांचं तर काम.

माष म्हणाले, "सांगितलं असतं. पण मलाच कुठे माहीत आहे?"

सफूराने वही मिटली.

"रविवारचा सामना होऊ दे," माष शांतपणे म्हणाले, "मग लिहितो. सोमवारी सकाळी. या शनिवारी खाडा, कुर्यनला सांगितलंय मी."

कुर्यन म्हणजे साप्ताहिकाचा संपादक. तो दिवसातून तीनदा फोन करत होता, आणि तिन्ही वेळा माष फोन सफूराच्या हातात देऊन बागेतल्या मिरीच्या वेलांकडे निघून जात होते.

माषची लिहिण्याची तऱ्हा घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. लहानपणी ते सुपारीच्या झाडावरून पडले, पाय जोडला तो आखूड राहिला, आणि चेंडूशी त्यांचा संबंध तिथेच संपला. तिकिटाला पैसे नसायचे, उभं राहून बघावं तर पाय दुखायचा, म्हणून ते गॅलरीच्या मागे, फळ्यांच्या खाली जाऊन बसायचे. वर शेकडो पाय. मैदान दिसायचं नाही, पण पाय सगळं सांगायचे. चेंडू उजवीकडून आला की पायांच्या टाचा कशा फिरतात, फटका मारायच्या आधी सगळी गॅलरी श्वास कसा ओढते, आपल्या माणसाचा फटका हुकला की फळ्या कशा करकरतात आणि समोरच्याचा हुकला की कशा. पुढे शाळेत मास्तरकी लागली, तिकिटाला पैसे आले, पहिल्या रांगेत खुर्ची मिळायला लागली. एकदा ते जाऊन बसलेही. परत आले ते म्हणाले, तिथून फक्त चेंडू दिसतो. पुढल्या सामन्याला पुन्हा फळ्यांखाली.

तिथे बसूनच त्यांच्या नऊ कादंबऱ्या झाल्या. पहिली घेऊन ते कोळिकोडला गेले तेव्हा कुर्यनच्या आधीचा संपादक म्हणाला, फुटबॉल आमच्याकडे शेवटच्या पानावर असतो, कादंबरीत लग्न पाहिजे. माषनी लग्न घातलं. वाचकांची विचारणा आली की भर हंगामात हा विंगर लग्नाला कसा काय गेला. त्यानंतर माषनी लग्नं फक्त पावसाळ्यात लावली. त्रिशूरच्या एका परिसंवादात एक मोठे समीक्षक म्हणाले की बीरान माषचं साहित्य म्हणजे मुंडू, म्हणजे लुंगी, गुडघ्यावर दुमडून केलेलं साहित्य. माष घरी येऊन चार दिवस ते सगळ्यांना हसत सांगत फिरले, आणि पाचव्या दिवशी सफूराच्या उम्माला, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले की तो माणूस कधी चिखलातून चालला नसावा. उम्मा होती तेव्हा त्यांचं पहिलं वाचन तिच्यापुढे व्हायचं. ती तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि हात थांबला नाही तर माष ते पान फाडायचे.

हे सगळं सफूराला पाठ होतं. पण आता तिच्यासमोर जे उभं होतं ते निराळंच होतं. उप्पा सामना ऐकल्याशिवाय लिहिणार नव्हते, आणि कुंजाप्पूक्का लिहिलेलं कळल्याशिवाय सामन्याला उभा राहणार नव्हता. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले, आणि ही गोष्ट तिच्याखेरीज कुणाला माहीत नाही.

तिने आधी सोपा मार्ग धरला. गुरुवारी मिन्नूच्या लशीला जाताना रिक्षात बसल्या बसल्या तिने सांगून टाकलं की प्रकरण झालंय आणि मम्मू अडवतो. पण कुणाला सांगू नका, उप्पा रागावतील.

कुंजाप्पूने रिक्षा वडाखाली उभी केली, मागे वळला आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. वीस वर्षं पेनल्टी मारणाऱ्यांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेला माणूस तो.

"मोळे," तो लेकीला म्हणावं तसं म्हणाला, "तू डावीकडे बघून उजवीकडे मारतेयस."

सफूराने मिन्नूची टोपी सारखी केली. मग पोटात ठेवणं अशक्य झालं आणि तिने खरं ते सांगितलं. गॅलरीमागचं, पायांचं, सोमवारचं, सगळं. उप्पा तुमची वाट बघताहेत, कुंजाप्पूक्का, तुम्ही उप्पांची.

दवाखान्यात त्याने मिन्नूला घेतलं, तिचं रडू थांबवलं, दोघींना घरी सोडलं, आणि रिक्षा वळवताना पाठ फिरवली ती फिरवलीच. शुक्रवारी तो टपरीवर आला नाही. सरावालाही आला नाही. वेलायुधन दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा त्यांच्या हातात फणस होता, दुसऱ्यांदा काहीच नव्हतं, त्यावरून काय ते समजावं. भाच्याला आजपासून डोळे उघडे ठेवून चेंडू पकडायला शिकवतोय, असं ते म्हणाले तेव्हा त्यांचे स्वतःचे डोळे ओले होते.

सफूराने दोन दिवस स्वतःला दोष दिला. मिन्नूला लशीचा ताप आला त्याचाही दोष तिने त्यातच जमा केला. ताप उतरला, तरी ती पाळण्यावर वाकून पोराचा श्वास ऐकत बसायची आणि मनात कुंजाप्पूक्काची वळलेली पाठ. आपण गप्प बसलो असतो तर तो निदान आशेवर तरी राहिला असता. आता गावाचा करंडक गेला, त्याचा शेवटचा सामना गेला, आणि उप्पांचं शेवटचं प्रकरणही गेलं, कारण डोळे मिटणाऱ्या पोराचा सामना ऐकून उप्पा काय लिहिणार?

शनिवारी दुपारी रिक्षा दारात थांबली. कुंजाप्पू ओसरीवर आला आणि चपला न काढताच उभा राहिला. हे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. माष मिरी वाळत घालत होते.

"माष, एक विचारायचंय. खरं सांगा. माझी करंगळी तुम्ही मोडलीत का?"

माषनी सूप खाली ठेवलं. "मी कशाला मोडू? तुझी तूच मोडलीस."

"मग आधी कसं लिहिलंत?"

"अरे, महिनाभर तू चहाचा ग्लास तीन बोटांनी धरत होतास. करंगळी अशी बाहेर, एखाद्या नवरदेवासारखी. टपरीवरच्या प्रत्येकाला दिसत होतं की त्या बोटाला काहीतरी झालंय. तुला सोडून. डॉक्टरकडे जात नव्हतास. ते मोडणारच होतं."

"आणि बायकोचं?"

"तू सलग दोन शुक्रवार घरी न जाता टपरीवर जेवलास."

सफूरा दारामागे मिन्नूला खांद्यावर घेऊन उभी होती. तिला वाटलं, आता तो हसेल आणि सगळं मिटेल. तो हसला नाही.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग सांगितलं का नाही? रोज सकाळी मी समोर बसत होतो. कुंजाप्पू, बोट दाखवून ये, एवढंच म्हणायचं होतं. त्याला कादंबरी कशाला लागते?"

सफूराने आपल्या बापाला शब्द सापडत नाहीत असं फार क्वचित बघितलं होतं. त्रिशूरच्या समीक्षकाला जे जमलं नव्हतं ते कुंजाप्पूने चपला न काढता करून दाखवलं होतं.

"मी लिहिलं होतं," माष शेवटी म्हणाले. आवाज खाली गेला होता. "मला वाटलं, तू वाचशील आणि जाशील."

"मी वाचलं. मला वाटलं नशीब आहे."

सफूरा दारामागून पुढे आली. मिन्नूने खांद्यावरून हात लांब करून कुंजाप्पूचा सदरा धरला, आणि त्याने नेहमीच्या सवयीने तिला घेतलं. तिला घेतल्यावर त्याला रागात उभं राहणं कठीण झालं असावं. तो पायरीवर बसला. मग आठवण होऊन चपलाही काढल्या.

"आता काय दिसतंय?" त्याने विचारलं. "लिहू नका. तोंडाने सांगा."

माष त्याच्या शेजारी बसले, आखूड पाय लांब करून. "दिसत नाही, ऐकू येतं," ते म्हणाले. "मागच्या हंगामापासून. पेनल्टी असली की फटका बसायच्या आधीच उजवीकडची गॅलरी 'आ' करते. आधी, समजलं का? याचा अर्थ तू आधीच उजवीकडे निघालेला असतोस. डावा गुडघा दुखतो म्हणून डावीकडे पडायला नको वाटतं तुला, आणि म्हणून तू वाटच बघत नाहीस. मला फळ्यांखाली बसून कळतं, तर पारक्कलवाल्यांना समोर उभं राहून कळत नसेल?"

कुंजाप्पूने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे प्रकरणात घालणार होतात?"

"घालणार होतो."

"पुढच्या शनिवारी छापून आलं असतं. सामना रविवारी संपल्यावर, सहा दिवसांनी."

माष म्हणाले, "हो, तसंच झालं असतं." आणि मग दोघंही हसायला लागले. आधी कुंजाप्पू, मग माष, मग ते इतके की मिन्नू एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघून रडावं की काय असा विचार करायला लागली.

उठताना कुंजाप्पू एवढंच म्हणाला की थांबून बघतो. थांबणं सगळ्यात कठीण असतं, माष, तुम्हाला खाली बसून कळायचं नाही. आणि सफूराला म्हणाला की वेलायुधेट्टनना फोन कर, म्हणावं भाच्याला झोपू दे.

रविवारी जीप सकाळपासून कर्णा लावून गावभर फिरत होती. सफूराने जायचं नाही असंच ठरवलं होतं. पोराचे कान, फटाके, गर्दी, धूळ. संध्याकाळ व्हायला लागली तशी ती तीनदा दारापर्यंत गेली आणि तीनदा परतली. शेवटी मिन्नूच्या कानांत कापूस घातला, त्यावर टोपी, टोपीवर ओढणी, आणि उप्पांचा हात धरून ती गॅलरीच्या मागे गेली. आत नाही, निदान मागेच, असं स्वतःला बजावत.

तिथे ती पहिल्यांदाच येत होती. फळ्यांच्या फटींतून दिव्यांचे पट्टे खाली पडले होते आणि डोक्यावर पायच पाय, रबरी चपला, बूट, अनवाणी टाचा, शेंगदाण्यांची टरफलं वरून भुरभुरत होती. माष एका उलट्या टोपलीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मग सफूराला कळलं की ते सामना बघताहेत.

"आपला डावा विंगर सुटला," ते म्हणायचे, आणि वर गर्जना व्हायची. "पडला. पाडलं नाही, स्वतःच पडला." आणि वर कुणीतरी त्याच्या आईची चौकशी करायचं.

सामना बरोबरीत सुटला. कादंबरीतही तेच झालं होतं. सफूराला तो योगायोग बरा वाटला नाही. माषना काही वाटलं नाही, अर्धे अंतिम सामने असेच सुटतात म्हणाले.

पेनल्ट्या सुरू झाल्या. पारक्कलची पहिली गोल. दुसरीही. वर पाय आपटायला लागले. उडी मार की, झोपलायस काय, रिक्षात बसलायस काय, असा ओरडा उठला. कुंजाप्पू थांबत होता, आणि थांबल्यामुळे उशीर होत होता. तिसरीला तो हललाच नाही म्हणे. वर कुणीतरी म्हणालं, म्हातारा खांबासारखा उभा आहे, खांब तरी कधीकधी चेंडू अडवतो. यंग स्टारचे गडीही गोल करत होते म्हणून अजून सगळं शिल्लक होतं, पण सफूराला आता ऐकवेना. तिने मिन्नूला छातीशी आवळलं आणि मनात म्हणाली की हे माझ्यामुळे झालं, मी तोंड उघडलं म्हणून. चौथी पारक्कलवाल्याने बाहेर घालवली. यंग स्टारनेही एक आडव्या खांबावर आदळली. मग यंग स्टारची पाचवी आत गेली, आणि पारक्कलची शेवटची उरली. अडवली तर करंडक.

वर सगळे पाय एकदम थांबले.

"उजवीकडची गॅलरी गप्प आहे," माष कुजबुजले. त्यांनी सफूराचं मनगट धरलं होतं. "थांबलाय तो. अजून थांबलाय..."

फटक्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी मिन्नू किंचाळली. कान, दिवे, आईची मिठी, कशाने कोण जाणे, पण नेमकी आजोबांच्या कानाला तोंड लावून ती अशी किंचाळली की माषचा हात कानावर गेला. वरून धूळ, टरफलं, कुणाचीतरी एक चप्पल असं सगळं एकदम खाली आलं. फळ्या आनंदाने नाचताहेत की रागाने, काही समजायला मार्ग उरला नाही.

"काय झालं?" माष ओरडले. चाळीस वर्षं इतरांना काय झालं ते सांगणारा माणूस टोपलीवरून उठून विचारत होता. "सफू, काय झालं?"

तिने एका हाताने पोर धरलं आणि दुसऱ्या हाताने बापाला, आणि दोघांना ओढत ती गॅलरीला वळसा घालून मैदानाच्या तोंडाशी आली. गर्दीचं तिला भानच राहिलं नव्हतं.

कुंजाप्पू डाव्या खांबाजवळ पडलेला होता. डाव्या अंगावर. चेंडू पोटाशी, दोन्ही पंजांत, आणि तो सोडायला तयार नव्हता. यंग स्टारची पोरं त्याच्यावर कोसळत होती आणि तो खालून ओरडत होता की गुडघा, गुडघा सांभाळा रे गाढवांनो. वेलायुधन भाच्याला मिठी मारून रडत होते, कारण जवळ तोच होता.

माष मैदानाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पडल्यावर तो हसतोय. हे खालून कधी कळलं नसतं."

सोमवारी सकाळी त्यांनी प्रकरण सांगितलं. सफूराने लिहिलं, फोटो काढून कुर्यनला पाठवलं, आणि कुर्यनने पहिल्यांदाच उलट फोन केला नाही. त्या लिहिण्यात माष दोनदा थांबले, दोन्ही वेळा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, जिथे उम्मा बसायची. तिसऱ्यांदा थांबले नाहीत.

दहाच्या सुमाराला रिक्षा आली. आज चालवत होता वेलायुधनचा भाचा, डोळे चांगले उघडे ठेवून, आणि मागच्या बाकावर पाय लांब करून, गुडघ्याला भलंमोठं बँडेज बांधून कुंजाप्पू बसला होता. डॉक्टरने सहा आठवडे सांगितलेत, तो म्हणाला. मिन्नूच्या पुढच्या लशीपर्यंत उभा राहतो, तोवर कुठे जायचं झालं तर हा पोरगा नेईल, पण सावकाश चालव म्हणून सांगितलंय.

माष पानं घेऊन पायरीपर्यंत आले. त्यांच्या थरथरत्या हातात पानं फडफडत होती. "बरा आलास. झालंय प्रकरण. ऐकवतो, दोनच पानं आहेत."

कुंजाप्पूने दोन्ही पंजे कानांवर ठेवले.

"नको माष. शनिवारी वाचीन. टपरीवर, सगळ्यांबरोबर."

"अरे, पण तूच तर..."

"शनिवारी."

"निदान अडवतो की नाही, एवढं तरी ऐक."

"मम्मू त्याचं बघेल," कुंजाप्पू म्हणाला. "मी माझं बघितलं." आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. रिक्षा निघाली, खड्ड्याखड्ड्याला थबकत.

माष पानं घेऊन तसेच उभे राहिले. नऊ कादंबऱ्यांत त्यांच्यावर अशी पाळी आली नव्हती. त्यांनी सफूराकडे बघितलं.

"मी लिहिलंय ते, उप्पा," ती म्हणाली, पण बाजूला सरकून तिने त्यांना पायरीवर जागा करून दिली. मिन्नूला मांडीवर घेतलं, सुपात तांदूळ घेतले, आणि म्हणाली, "वाचा."